सवलतीतलं कपाळ

माझ्या दोन भुवयांच्या मध्ये दोन उभ्या रेघा होत्या. धाकटी बहीण त्यांना ‘अकरा नंबर’ म्हणायची. रिक्षावाला, बँकेतली मुलगी, कोणालाही वाटायचं की मी चिडलेली आहे. आमच्या मुलुंडच्या सोसायटीचा वॉचमन तर मी तोंड उघडायच्या आत सांगायला लागायचा, "मॅडम, टँकरवाला उशिरा आला, माझी काही चूक नाही." मी चिडलेली नसायचे. त्या रेघा नोकरीने पाडल्या होत्या.

मी घाटकोपरला कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते. तिथली भाषा हातांची. ती मला शिकवली आमच्याच शाळेतल्या एका बाईंनी, ज्यांना जन्मापासून ऐकू येत नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझे हात धरून खाली ठेवले होते आणि माझ्या चेहऱ्याकडे बोट दाखवलं होतं. हात शब्द सांगतात, वाक्य चेहरा सांगतो, हे त्यांना म्हणायचं होतं. ‘तू जेवलास’ एवढंच हातांनी म्हणायचं. भुवया वर, डोळे मोठे, अंग जरा पुढे, की झालं ‘जेवलास का?’ भुवया एकमेकींजवळ, हनुवटी किंचित वर, की झालं ‘काय जेवलास?’ प्रश्नाची वेगळी खूण आहे, पण रोजच्या बोलण्यात ती गाळतो, भुवयांवर भागतं. आता दिवसभर वर्गात काय, कोण, कुठे, का विचारत राहिलं की कपाळाचं काय होणार?

आमच्या घरात चेहऱ्याची काळजी म्हणजे थंडीत खोबरेल तेल. बाबा अकोल्याकडून आले, भांडुपच्या कारखान्यात लागले, आम्हा दोघी बहिणींना शिकवलं. आईने आयुष्यात पार्लरची पायरी चढली नाही. बहीण मात्र अंधेरीला ट्रॅव्हल कंपनीच्या काउंटरवर बसते, तिथे सगळं चेहऱ्यावर चालतं असं तिचं म्हणणं. एका संध्याकाळी तिचा फोन आला.

"तायडे, मॉडेल व्हायचंय का?"

"कसली मॉडेल?"

"अगं, साकीनाक्याला एक अ‍ॅकॅडमी आहे. डॉक्टर लोक शिकायला येतात, बोटॉक्स, फिलर वगैरे. त्यांना प्रॅक्टिसला चेहरे लागतात ना. अर्ध्याहून कमी पैशांत होतं."

"म्हणजे शिकाऊ."

"डॉक्टरच आहेत गं. दातांचे."

"मग दात काढ म्हणावं माझा."

ती हसली, पण सोडेना. तुझा अकरा नंबर जाईल, माझे ओठ जरा भरतील, रविवारी सकाळी जाऊ, दुपारी घरी. "फक्त विहारात कोणाला बोलू नकोस, वाट लागेल."

मी हो म्हटलं. रेघा जाव्यात असं वाटत होतंच, खोटं कशाला बोलू. पण त्याहून मोठी ओढ दुसरीच होती. एखाद्या स्नायूला झोपवतात म्हणजे नक्की काय करतात? मी ‘का’ विचारायला जाईन आणि कपाळ हलणारच नाही, हे आतून कसं वाटेल? शाळेत ते आडवं येईल हा विचार मनात आला होता. तो मी उत्सुकतेच्या भरात बाजूला ठेवला.

अ‍ॅकॅडमी एका औद्योगिक इमारतीत वरच्या मजल्यावर होती. खाली गाळ्यांमध्ये रविवारीही लेथ चालू होते, जिन्यात गरम तेलाचा वास. वर काचेचं दार उघडलं की एकदम थंड एसी आणि पांढऱ्या भिंती. ओळीने खुर्च्या मांडलेल्या, दाताच्या दवाखान्यात असतात तशा. शिकणाऱ्या बहुतेक तरुण मुली, नवे कोरे एप्रन घातलेल्या. शिकवणारे एकच सर, भरभर बोलणारे, या खुर्चीकडून त्या खुर्चीकडे पळणारे.

माझ्या वाट्याला आलेली डॉक्टर नाशिकची होती. फार तर सव्वीस-सत्तावीसची. तिने आधी स्वतःचे हात एकमेकांवर चोळले, मग विचारलं, "मॅम, तुम्हाला भीती वाटत नाहीये ना?"

"नाही. तुला?"

"थोडी," ती हळूच म्हणाली.

सर आले. "मॅडम, आठी घाला." मी घातली. सर वाकले. "बघा, बघा सगळ्यांनी. व्हेरी स्ट्राँग मसल!" चार-पाच एप्रन माझ्यावर झुकले. इतक्या वर्षांत माझ्या कपाळाचं कोणी कौतुक केलं नव्हतं. मी आणखी जोरात आठी घालून दाखवली. सरांनी पांढऱ्या पेन्सिलीने ठिपके काढले आणि ते बहिणीच्या खुर्चीकडे गेले.

सुई टोचते त्याहून तिचा आवाज जास्त लक्षात राहतो. कपाळाच्या आत करकर होते, पापडावर अंगठा दाबावा तशी, आणि ती कानातून नाही, हाडातून ऐकू येते. मला वाटलं, हा आवाज माझ्या वर्गातल्या मुलांनाही कळेल. शेवटच्या ठिपक्याशी ती थांबली. "सर, इथे बरोबर आहे?" सर बहिणीचा ओठ चिमटीत धरून उभे होते. मान वळवून म्हणाले, "थोडा नीचे. और थोडा. येस, जाने दो." तिने जाऊ दिलं.

जिना उतरताना बहिणीचा वरचा ओठ मधमाशी चावल्यासारखा टरारला होता. "उतरेल," ती बोबडं बोलली. माझ्या कपाळावर डासाने चावावं तसे फुगवटे, बाकी काही नाही. मी थोडी खट्टूच झाले.

दोन-तीन दिवस काहीच झालं नाही. मग कपाळ जड व्हायला लागलं, ओलं फडकं ठेवून कोणी विसरून गेल्यासारखं. मी आरशासमोर उभी राहून ‘का’ करायला गेले. आतून हुकूम सुटला, वाटेत कुठेतरी अडला. रेघा खरंच गेल्या होत्या. मी हात लावून पाहिला, गुळगुळीत. मला गंमत वाटली, पुन्हा पुन्हा करून पाहिलं. आणखी दोन दिवसांनी मात्र उजवी भुवई आपोआप टोकाशी वर चढून बसली आणि डावी पापणी अर्धी खाली आली. एका बाजूने मी कोणावर तरी संशय घेत होते, दुसऱ्या बाजूने पेंगत होते.

सोमवारी वर्गात गेले. माझी मुलं आठ-नऊ वर्षांची. त्यांना सांगायचं होतं की उद्या आपण आरे कॉलनीत सहलीला जाणार आहोत. हातांनी नीट सांगितलं: उद्या, आपण, आरे. सगळे माझ्याकडे बघत राहिले. मग मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, ‘आम्हाला काय माहीत? तुम्ही सांगा ना.’ मी पुन्हा सांगितलं. दुसरा आनंदाने उठला, ‘हो, हो, जाऊया!’ माझ्या चढलेल्या भुवईने सहलीचा प्रश्न करून टाकला होता: उद्या जायचं का आरेला?

मग मी पुढच्या बाकावरच्या मुलीला विचारलं, डब्यात काय आणलंय. आमच्यात प्रत्येकाला नावाऐवजी एक खूण असते. हिची खूण गालावरची खळी. खळी म्हणाली, ‘हो.’ मी परत विचारलं. ‘हो, आणलाय,’ ती शांतपणे म्हणाली, आणि डबा उचलून दाखवला. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती जागेवरून उठली, माझ्या खुर्चीपाशी आली आणि माझ्या कपाळावर बोट दाबलं.

‘आत काय झालं?’

मी सांगितलं. सुई, औषध, कपाळ झोपलं.

‘का?’ तिच्या भुवया जवळ आल्या, हनुवटी उचलली गेली. इतका स्वच्छ ‘का’ मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. मी बघतच राहिले.

‘रेघा नको होत्या.’

‘मग तुमची खूण?’

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मुलांनी माझ्यासाठी ठेवलेली खूण म्हणजे दोन बोटं भुवयांच्या मध्ये उभी धरायची. रेघाच नाहीत तर ती चालणार कशी? खळीने वर्गाकडे तोंड करून जाहीर केलं, ‘बाईंचं कपाळ झोपलंय. राग आला तरी आता कळणार नाही.’ मागच्या बाकांवर आनंदीआनंद झाला. मग खुणेवर जोरदार चर्चा. कोणी म्हणालं, डोळा अर्धा मिटायचा. कोणी म्हणालं, एक भुवई बोटाने वर ढकलायची. शेवटी ठरलं की जुनीच राहू द्यावी, माणूस बदलत नाही. मी तिथेच होते, पण मला कोणी विचारलं नाही.

मधल्या सुट्टीत, मला ही भाषा शिकवणाऱ्या त्या बाईंना गाठलं. त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. ‘बातम्यांच्या कोपऱ्यात ती नवीन मुलगी उभी असते ना, हात हलवणारी? तशी दिसतेस. शब्द सगळे आहेत, बोलणं नाही.’ मग गंभीर झाल्या. ‘हनुवटी वापर. खांदे वापर. मान तर आहे ना अजून?’

त्या दिवसापासून मी हनुवटीने प्रश्न विचारायला लागले. कोण, कुठे, का, सगळ्याला हनुवटी चांगली उंच, खांदे मागे. हो-नाहीच्या प्रश्नाला कमरेतून पुढे. गाळलेली प्रश्नाची खूण परत आणली. संध्याकाळी मान दुखायची. पण मला मोठं नवल वाटत होतं की वाक्य दुसऱ्या वाटेने जाऊन पोहोचतं.

बहिणीची सूज उतरली, पण ओठात डाव्या बाजूला मुगाच्या दाण्याएवढी गाठ राहिली. काउंटरवर तिने सांगून टाकलं, मनोरीला गेले होते, कोळंबी बाधली. अ‍ॅकॅडमीत फोन केला तर उत्तर आलं, सेटल होईल, नाहीतर पुढच्या बॅचला या, फ्री टचअप करून देऊ. "मी नाही जाणार," ती म्हणाली. "त्या माणसाने एकाच वेळी तीन जणींचे चेहरे बघितले, तायडे. माझ्याकडे त्याचं लक्षच नव्हतं."

मी मात्र गेले, एकटीच. भांडायला नाही. पापणी का पडली ते मला जाणून घ्यायचं होतं. योगायोगाने नाशिकची डॉक्टर दुसऱ्या कोर्सला आली होती. मला पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"मॅम... सॉरी. तुम्ही माझ्या पहिल्या होता."

"ते कळलं होतं. पण झालं काय, ते सांग."

तिने स्वतःच्या भुवईखाली बोट ठेवलं. औषध ठरल्या जागेपेक्षा खाली गेलं की झिरपून पापणी उचलणाऱ्या स्नायूला लागतं. काही आठवड्यांत जातं, डोळ्याला धोका नाही. "मला तेव्हाच वाटलं होतं, जास्त खाली होतंय. हात थांबलासुद्धा. पण सर म्हणाले, आणि..."

मला तिच्यावर रागावता आलं नाही. सरांवर आला राग. म्हटलं, तुला एक गंमत दाखवते. ‘तुझं नाव’ ही खूण करून दाखवली आणि सांगितलं, आता भुवया जवळ घे, हनुवटी उचल, की हा प्रश्न झाला. तिने केलं. मग भुवया वर करून केलं. मग पुन्हा जवळ. हळूहळू तिला उमगलं की तिने माझं काय बंद केलं होतं. "हे आम्हाला कोणी विचारायला सांगितलंच नाही," ती म्हणाली, "की पेशंट काय काम करतो." तेवढ्यात सर आले, माझ्याकडे बघून म्हणाले, "अरे, ये तो छोटा सा है, ती चढलेली भुवई खाली आणू, दोन मिनिटं." मी म्हटलं, "सर, आहे तेवढी राहू दे." आणि निघाले.

पापणी आधी उघडली. भुवईला बरेच महिने लागले. एका सकाळी फळ्याकडून मुलांकडे वळून विचारत असताना आत काहीतरी ओढल्यासारखं झालं, अगदी बारीक, आणि मी खडू हातात धरून तशीच थांबले. रेघाही परतल्या, आधीपेक्षा फिकट. पण तोवर वर्गालाही माझी हनुवटीची सवय लागली होती. माझी मुलं प्रश्न विचारताना हनुवटी आकाशाला लावतात, खांदे मागे फेकतात. दुसऱ्या शाळेतल्या एक शिक्षिका आल्या होत्या, त्यांनी विचारलं, ही कुठली बोली म्हणायची? मी सांगितलं, साकीनाक्याची. त्या खरंच विचारात पडल्या.

बहीण गेल्या महिन्यात चेंबूरच्या एका वयस्क त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली, गाठ विरघळवायला आणि जमलं तर ओठ नीट भरून घ्यायला. पूर्ण पैसे देऊन. मला म्हणाली, "तू बस नुसती बाजूला." मी आनंदाने गेले, मुरलेला हात काय करतो ते बघायचं होतं. हाताने बराच वेळ काहीच केलं नाही. त्या समोर स्टूल घेऊन बसल्या आणि बहिणीला म्हणाल्या, तुमच्या कामाबद्दल सांगा. बहीण बोलायला लागली: काउंटर, गिऱ्हाइकं, केरळच्या टूर, रद्द झालेली विमानं. बोलता बोलता हसली, चिडली, कोणाची तरी नक्कल केली. बाई ऐकत होत्या की नाही कोण जाणे, त्यांची नजर ओठांवरून हलत नव्हती.

"गाठ घालवू," त्या शेवटी म्हणाल्या. "परत भरायचं म्हणाल तर मी भरणार नाही. तुमचा वरचा ओठ बोलताना फार सुंदर दुमडतो. भरला की ते जाईल."

बाहेर आल्यावर बहीण रिक्षात घुश्श्यात बसली. "एवढे पैसे घेतले, आणि नाही म्हणते."

"पण कसा दुमडतो गं? मला कधी दिसलाच नाही. बोल बघू काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही. केरळची टूर सांग."

ती सांगायला लागली आणि मी पूर्ण वळून तिच्याकडे बघत बसले.