होळीतून वाचलेली बटणं

रत्नागिरीच्या रामआळीत काशीराम शेट्याचं किराणा दुकान होतं आणि दुकानाच्या पाठीमागे घर. दुकानात काशीरामचा शब्द चाले, घरात त्याच्या बायकोचा, गोदूबाईचा. घरात शिरलेली वस्तू पुन्हा बाहेर जाऊ द्यायची नाही, हा गोदूबाईचा कायदा. फुटक्या बांगड्या, चहाच्या पुड्यांची चांदी, मोडक्या छत्रीचं काळं कापड, सुटलेल्या माळांचे मणी, सगळ्यांना तिच्या घरी आसरा मिळे. पण तिचा खरा जीव होता बटणांवर.

जयगडच्या तांडेलाची ही मुलगी. बाप आठ महिने गलबतावर, आई चिंध्यांच्या गोधड्या शिवणारी. चिंधी वाया जाऊ द्यायची नाही ही माहेरची शिस्त गरिबीनं लावलेली. सासरी गरिबी नव्हती, शिस्त मात्र तिच्याबरोबर आली. आणि गरज सरल्यावर उरलेली शिस्त माणसाकडून काय काय करवून घेते, ते पाहायचं तर शेट्यांच्या ओटीवर जाऊन बसावं. दारावर बटणांचं तोरण. आरशाभोवती बटणांची महिरप. भिंतीवर काळ्या कापडावर शिंपल्याच्या बटणांचा हंस, चोचीत बांगडीच्या काचेचं कमळ. मानेपर्यंत येता येता बटणं संपली, म्हणून हंसाची मान आखूड राहिली होती. नवख्या पाहुण्यानं "बदक छान हो!" म्हटलं की त्याला चहा मिळत नसे. आणि गणपतीच्या मखराला अशी भरगच्च झालर लागे की देव बिचारा अंगरख्याचं माप द्यायला आल्यासारखा दिसे.

एवढी बटणं यायची कुठून? काशीराम उघड्या गळ्यानं आणि चार टाचण्यांवर गल्ल्यावर बसे, यावरून काय ते समजावं. आळीत कुणी गेलं तर गोदूबाई पहिली धावे. रडेही मनापासून. फक्त डोळे पुसता पुसता तिची नजर खुंटीवरच्या कोटाकडे जाई. शेजारचे आप्पा खोत वारले तेव्हा तेराव्याच्या आतच तिनं त्यांच्या सुनेला विचारलं होतं, "त्यांच्या त्या जाड कोटाचं काय ठरवलंत गो?"

मिठाच्या सत्याग्रहाच्या वर्षी रत्नागिरीला स्वदेशीचं उधाण आलं. रामआळीत त्या उधाणावर स्वार झाले रावजी वकील. आवाज असा की राममंदिरात बोलले तर काशीरामच्या तराजूची पारडी हलावीत. त्यांनी एका संध्याकाळी तिथल्याच सभेत जाहीर केलं, "येत्या शनिवारी मांडवीच्या वाळूत विलायती कापडाची होळी! घरोघर जाऊन कापड गोळा करील असं कोण आहे?"

पुरुष एकमेकांकडे बघू लागले. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं गोदूबाई उभी राहिली.

"मी करीन हो."

वकिलांना गहिवरून आलं. "घ्या! या माउलीपासून धडा घ्या!" टाळ्या झाल्या. काशीराम मात्र खाली मान घालून बसला. ही माउली त्याच्या घरची होती.

दोन दिवस गोदूबाई पाटी घेऊन घराघरांतून हिंडली. रामआळीनं देशासाठी काय काय दिलं म्हणता? कुणी गुडघ्यावर फाटलेली तुमान दिली. कुणी आटलेला सदरा दिला, जो नाहीतरी भांडीवाल्यानंही नाकारला होता. रावजी वकिलांनी भर रस्त्यात उपरण्याखालचा कोट काढून पाटीत टाकला आणि लोकांनी जयजयकार केला. घरी येऊन गोदूबाईनं कोट उलटा केला.

"दिलान खरा कोट," ती नवऱ्याला म्हणाली, "पण पाठ उंदरानं आधीच खाल्लीन. कोर्टातला चांगला विलायती अल्पाकाचा कोट बसलाय ट्रंकेत."

"आणि तू कात्री घेऊन काय करत्येस?"

"बटणं काढत्ये."

"गो, होळीत टाकायचंय ना ते?"

"होळी कापडाची म्हणालेत. बटणांचं नाव कुणी काढलं?" आणि तिनं वकिलांच्या कोटाचं पहिलं बटण उतरवलं. सुपारीएवढं, काळंभोर, कडेला सोनेरी रेघ. तिनं ते गालाला लावून पाहिलं. थंडगार होतं. असं बटण जाळायचं म्हणजे पाप, असं तिला अगदी मनापासून वाटलं. आणि आपल्याला हवी ती गोष्टच पुण्याची असते, हा विश्वास रामआळीत तिच्या एकटीपाशी नव्हता.

शनिवारी होळी छान पेटली. वकिलांचा कोट पाठीकडून पेटला, तिथे वाऱ्याला वाट होती. एकाही कपड्याला बटण नाही हे धुराच्या घाईत कुणाच्या लक्षात आलं नाही.

पुढच्या पंधरवड्यात पुण्याहून एक मोठे पाहुणे बोटीनं यायचे होते. व्यासपीठ सजवायचं काम वकिलांनी साहजिकच माउलीकडे दिलं. गोदूबाईनं जेवणखाण सोडल्यासारखं केलं. तांबड्या खादीच्या लांब पट्टीवर तिनं बटणांनी वीतवीतभर अक्षरं भरली, 'स्वदेशी'. भोवती वेलबुट्टी, खाली चहाच्या चांदीचे गोंडे. अक्षरं दूरवरून चमकत. उगीच कशाला खोटं बोला, काम सुरेख झालं होतं.

सभेत पाहुणे वर बघत राहिले. मग रावजी वकील उठले. "पाहा! परदेशी वस्तूवाचून आपलं अडतं म्हणणाऱ्यांनी ही अक्षरं पाहावीत! आपल्या मातीतली, आपल्या भगिनीच्या हातची अस्सल देशी कला!"

आता वकिलांच्या पत्नी राहीबाई स्वभावानं सरळ होत्या. नवऱ्याचे कपडे त्या स्वतः धूत. त्या शेजारणीच्या कानात बोलायला गेल्या, पण नेमक्या त्या क्षणी टाळ्या थांबल्या.

"अगो, ते 'स्व'मधलं मोठं काळं बटण ह्यांच्या कोटाचं! तुटलं होतं तेव्हा मीच लावलं होतं परत!"

पुण्याचे पाहुणे आधी रुमालात हसले, मग रुमाल पुरेना. बायकांनी माना वर करून आपापल्या घरची बटणं ओळखायला सुरुवात केली. "ती पांढरी आमच्या भावोजींची." "तो 'शी' पुरता आमचाच दिसतोय." रावजी वकील भाषण संपवायचं विसरून खाली बसले.

दुसऱ्या दिवशी वकिलांच्या स्वदेशी समितीची बैठक बसली. गोदूबाईला बोलावून समोर उभं केलं. होळीतला माल चोरला, हा आरोप. ती म्हणाली, "चोरला कुठे? टांगून दाखवला ना सगळ्यांना!" मग बटणं विलायती की देशी यावर वाद पेटला. एक सभासद म्हणाले, शिंपला समुद्रातला आणि समुद्र कुणा राजाचा नसतो. दुसरे म्हणाले, शिंपला देशी असेल, पण भोकं विलायतेत पाडली. भोकांवर तासभर चर्चा झाली. शेवटी ठराव झाला की बटणं त्याच मांडवीला समुद्रात बुडवावीत आणि ती गोदूबाईनं स्वहस्ते बुडवावीत.

तिनं बुडवली. म्हणजे समितीच्या देखत तिनं एक घट्ट बांधलेलं गाठोडं भरतीच्या पाण्यात भिरकावलं आणि रडली. त्यात चिंचोके होते. तेही किडके, चांगले ती टाकती ना. तांबडी पट्टी घरी माजघरात टांगलेली होती. रात्री जेवताना काशीरामनं वर पाहिलं, घास गिळला आणि विचारलं, "हे बुडालं नाही?"

"वाढू का आमटी?" गोदूबाई म्हणाली.

यानंतर पाऊस लागला आणि समितीची खरी पंचाईत झाली. सगळ्यांनी खादीची बंडी आणि कोट शिवायला टाकले होते, पण धाकू शिंप्याकडे लावायला बटणंच नव्हती. बाजारात होती ती जपानी नाहीतर विलायती, आणि त्या दुकानांपुढे हीच मंडळी धरणं धरून बसलेली. धाकूनं कापडाच्या गाठी केल्या आणि त्यांना फासे लावले. कोकणातल्या पावसात त्या गाठी भिजून अशा फुगल्या की एकदा बंडी घातली की निघेना. एक सभासद तीन दिवस बंडीतच जेवले, झोपले आणि शिंकले. रावजी वकिलांची गाठ याच्या उलट. ती ऐन कोर्टात, ऐन युक्तिवादात सुटली, आणि पोटानं न्यायाधीशांना दर्शन दिलं.

असं झाल्यावर एका दुपारी, आळी पेंगत असताना, शेट्यांच्या परसदारी छत्री मिटल्याचा आवाज आला. रावजी वकील चिखलातून, माडांच्या मागनं आले होते. पुढच्या दारानं यायला त्यांचा मान आड येत होता.

"गोदूवहिनी, जरा काम होतं."

"बोला की वकीलसाहेब. बसा. तो पाट घ्या."

"ते... माझ्या जुन्या कोटाचं जे होतं... म्हणजे धाकू म्हणत होता की..."

"काय होतं कोटाचं?"

"बटणं," वकील म्हणाले. राममंदिर गाजवणारा आवाज परसातल्या कोंबडीलाही ऐकू गेला नसेल.

"ती होय! ती बुडाली ना मांडवीला. ठराव तुम्हीच लिहिलात."

वकिलांनी उघड्या दारातून माजघरात पाहिलं. पावसाळी उजेडातही 'स्वदेशी' लखलखत होतं.

"मग ही?" वकिलांनी विचारलं.

"ही देशी. दोन महिने माझ्या घरचा धूर खाल्लानी त्यांनी."

वकील हसले. हसण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पैशाचं नाव काढायला गेले तर गोदूबाईनं हात झटकला. तिला पैसा नको होता. तिला जे हवं होतं ते रामआळीत आजवर कुणी आपणहून दिलं नव्हतं. ती आत गेली आणि काचेच्या चौकटीत बसवलेला दुसरा एक हंस घेऊन आली. हा पिस्त्याच्या टरफलांचा होता, रंगवलेला. याची मान पुरी होती, पण पाय तीन.

"हा तुमच्या दिवाणखान्यात लावायचा. पक्षकार बसतात तिथे, समोर. कुणी विचारलं तर सांगायचं, गोदूबाई शेट्यांच्या हातचा."

वकिलांनी हंसाकडे पाहिलं. मग स्वतःच्या बंडीच्या गाठीकडे पाहिलं. "तीन पाय?"

"एक पाण्यातला आहे."

"लावतो," वकील म्हणाले.

गोदूबाईनं कात्री आणली. 'स्व' सगळा त्या कोटाच्या काळ्या बटणांचाच होता. ती उसवताना एकदा कात्रीचं टोक बोटात गेलं, आणि वकिलांना कळू नये म्हणून तिनं तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावला. बटणं ओंजळीत टाकली तेव्हा तिला स्वतःचं सोनं मोडल्यासारखं झालं. वकील चौकट छत्रीआड लपवून आल्या वाटेनं गेले.

पट्टीवर 'देशी' उरलं.

वकिलांच्या अंगावर बटणं दिसली आणि बाकीच्यांना वाट समजली. पुढचे पंधरा दिवस शेट्यांच्या परसातला चिखल काही वाळला नाही. एकेक देशभक्त दुपारी यायचा, घसा खाकरायचा, आपली बटणं ओळखून घ्यायचा आणि बगलेत काहीतरी घेऊन जायचा: बांगड्यांच्या काचांचा पोपट, चहाच्या चांदीचं कमळ, मण्यांची अशी एक गाय की तोंडाकडून आणि शेपटीकडून सारखीच दिसावी. 'दे' गेला. वेलबुट्टी गेली. राहता राहिलं एकच अक्षर, आणि ते मात्र पूर्ण, गोंड्यांसकट, कारण ज्यांची ती बटणं होती ते मुंबईला गेले होते.

जेवायला बसल्यावर काशीरामनं मान वर केली. समोर तांबड्या खादीवर वीतभर अक्षर चमकत होतं, 'शी'.

त्यानं ताट बाजूला सरकवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज घरात चढला. "गोदू, जेवताना हे समोर नको. काढ!"

गोदूबाईनं पाहिलं, वाचलं, आणि ती अशी हसत सुटली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. काशीरामही हसला. त्यांच्या लग्नाला वीस वर्षं झाली होती. दोघांनी मिळून हसण्याची वेळ तशी क्वचितच आली असेल. रात्री तिनं ते अक्षर उसवलं आणि आपल्या हातांनी काशीरामच्या तीन सदऱ्यांना बटणं लावली.

त्या वर्षीच्या दिवाळीत कुणी रामआळीतून एक फेरी मारली असती, तर दिसलं असतं की प्रत्येक देशभक्ताच्या बैठकीत, पुढाऱ्यांच्या तसबिरींच्या शेजारी, एकेक विचित्र पक्षी नाहीतर जनावर टांगलेलं आहे. कुणाला ते उतरवायची छाती नव्हती. गोदूबाई हळदीकुंकवाच्या निमित्तानं जाई, सरळ भिंतीपुढे उभी राही आणि चौकट वाकडी असेल तर नीट करी. वकिलांचे पक्षकार खटल्याची तारीख विसरत, तीन पायांचा हंस विसरत नसत.

पुढे पाच-सहा वर्षांनी उधाण ओसरलं. रावजी वकील नगरपालिकेत निवडून गेले आणि राहीबाईंनी आळीतल्या मुलींसाठी कलावर्ग काढला. पहिल्या दिवशी त्यांनी गोदूबाईला मानानं बोलावलं, पुढे बसवलं, हाती गुलाब दिला. मुलींनी समोर मुंबईहून मागवलेली बटणं मांडली होती. पुठ्ठ्यांवर ओळीनं टाचलेली, एका मापाची, एका रंगाची, नवी कोरी.

गोदूबाईनं एक पुठ्ठा उचलून पुढूनमागून पाहिला.

"ही विकत आणलीत?"

"हो तर," राहीबाई म्हणाल्या. "आता मिळतात ना सर्रास."

"कोणाची म्हणून?"

"कोणाची नाहीत. नवीन आहेत."

गोदूबाईनं पुठ्ठा खाली ठेवला. मुलींनी पुठ्ठे रिकामे केले आणि एकीनं सराईतपणे फूल भरायला घेतलं. पाकळ्या सगळ्या सारख्या झाल्या, नीटनेटक्या, आणि गोदूबाई जांभई आवरत बघत राहिली. चहा आला, तो तिनं प्यायला. जायला उठली तेव्हा राहीबाई म्हणाल्या, "चार शब्द तरी सांगा मुलींना."

"काय सांगू? छान आहे सगळं." मग दाराशी जाऊन ती वळली. "ते पुठ्ठे टाकणार असाल तर टाकू नका. मी नेत्ये."

आणि रिकामे पुठ्ठे नीट रचून, पदराखाली घेऊन ती आळीनं घरी निघाली.