लाल पेन्सिलीची खूण

त्या निनावी अर्जाची आठवण आजही आली की मला थोडी लाजच वाटते. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं आणि नागपुरातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो.

सकाळची हजेरी आटोपून डायरी चाळत होतो, तेवढ्यात गाड्यांच्या सुट्या भागांचे एक घाऊक व्यापारी तावातावानं आत आले. हातात पाकीट होतं. तसंच पाकीट टपालानं आमच्याकडेही आलं होतं. मजकूर असा, की कंपनीतली एक विश्लेषक बाई प्रतिस्पर्ध्याला माहिती विकते की काय, याची चौकशी व्हावी. कार्यालय रविवारी बंद असतं, तरी तिच्या नावानं दर रविवारी सॉफ्टवेअर उघडलं जातं. सोबत वापराची छापील यादी जोडली होती. रविवारच्या प्रत्येक ओळीपुढे लाल पेन्सिलीनं बारीक खूण होती.

मालकांनी पार्श्वभूमी सांगितली. विक्री आणि साठ्याचे हिशेब पडद्यावर मांडून दाखवणारं ते सॉफ्टवेअर होतं. माणशी एक परवाना घ्यावा लागे, आणि विकणारी कंपनी दर नूतनीकरणाला भाव वाढवत होती. मालक कातावले आणि त्यांनी या बाईंवर खर्च कमी करायचं काम सोपवलं. बाईंनी कोण खरोखर वापरतो याची यादी काढली आणि निम्म्याहून जास्त परवाने बंद केले. मालक खूश झाले. आता तेच म्हणत होते, "साहेब, आजच्या आज गुन्हा दाखल करा."

मी आधी प्राथमिक चौकशी लावली. बाई शहराच्या कडेला बेसा भागात आईसोबत राहत. तिशीच्या आतबाहेर, शांत. जबाबात त्या एवढंच म्हणाल्या, "सर, मी काही विकलं नाही." रविवारी कोण उघडतं, असं विचारलं की मान खाली. माहिती चोरल्याचा गुन्हा एकदा नावावर लागला की या धंद्यात त्यांना कोणी उभं केलं नसतं. तरी त्या बोलेनात.

आता माझं सांगतो. आमच्या ठाण्यात संगणकाचं शिक्षण घेतलेला एक तरुण उपनिरीक्षक होता. वरिष्ठ कुठलंही प्रकरण आलं की आधी त्याला विचारत, माझ्या देखत. एकोणतीस वर्षं मी चपला झिजवल्या आणि शाबासकी या कालच्या मुलाला, असं मनात यायचं. खोटं कशाला बोलू, मी जळत होतो.

दोन दिवसांत तो म्हणाला, "सर, रविवारचा वापर सावनेरकडून होतोय. मोबाईल कंपनीला पत्र देऊ, आठवड्यात नाव मिळेल." मी मान हलवली. संध्याकाळी त्याच्याविषयी वरिष्ठांना एक गोपनीय टिपण लिहिलं: खुर्ची सोडत नाही, पडद्यावर विसंबतो, माणसांत जात नाही. टिपण पाठवलं आणि रविवारी सावनेरला मी स्वतः गेलो. त्याच्या आधी पोचायचं, एवढाच हेतू होता.

सावनेरला त्या व्यापाऱ्यांचा डेपो होता. खाणीवरच्या गाड्या रविवारी दुरुस्तीला उभ्या राहतात, म्हणून डेपो उघडा. भांडारपाल संगणकावर साठा पाहत होता. पडद्याच्या कोपऱ्यात बाईंचं नाव.

"काहून गा, हे मॅडमचं नाव इथं कसं?"

तो खुर्चीवरून उठला. "साहेब, वापर कमी म्हणून आमचं लायसन बंद झालं ना. स्टॉक पाहाचा कसा? गिऱ्हाईक दारात उभं राह्यते. मॅडमले फोन केला, त्यायनं आपला पासवर्ड देल्ला. त्यायच्यावर काही येऊ देऊ नका."

परतल्यावर बाईंना विचारलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "एकाचा परवाना दुसऱ्यानं वापरायचा नाही, हे पत्रक माझ्याच सहीचं आहे, सर. आणि त्याचं नाव सांगितलं असतं तर मालकांनी त्याला घरी बसवलं असतं."

चोरी नव्हतीच. मग अर्ज कोणाचा? वापराची यादी बाई दर महिन्याला सगळ्या विभागप्रमुखांना पाठवत. मी कंपनीच्या कार्यालयात जाऊन टेबलं पाहत फिरलो. सगळीकडे नुसते पडदे. फक्त अहवाल विभागाच्या प्रमुखांच्या टेबलावर कागदांचा गठ्ठा, आणि प्रत्येक ओळीपुढे लाल पेन्सिलीची तीच बारीक खूण. हाताखालची माणसं अहवाल छापून देत, हे गृहस्थ खुणा करत तपासत. निनावी अर्ज लिहितानाही हात सवयीनं गेला होता.

मी दोन्ही कागद त्यांच्यासमोर शेजारी शेजारी ठेवले.

"अठरा वर्षं साहेब, मालक चहाच्या आधी माझा कागद पाहत," ते म्हणाले. "त्या पोरीनं यादी काढली, अन् माझ्या नावापुढे शून्य. मी कागद वाचतो. मशीन ते काहून मोजून नाही राहिलं? आता मालक माझ्या टेबलापाशी थांबतही नाहीत. तिले विचारतात."

"म्हणून खोटा अर्ज?"

"ती यादी खोटी नाही साहेब. एक ओळ खोटी दाखवा."

यादी खरीच होती. पण बाईंनी भांडारपालाला फोनवर पासवर्ड सांगितला, तेव्हा हे शेजारच्याच टेबलावर बसून ऐकत होते; ते बाईंना विचारल्यावर कळलं. तेवढं या गृहस्थांनी अर्जात लिहिलं नव्हतं.

बाईंनी त्यांच्याविरुद्ध तक्रार द्यायला नकार दिला. मालकांनी डेपोचा परवाना परत सुरू केला. गुन्हा न नोंदवता अर्ज दप्तरी दाखल झाला.

त्या प्रकरणानं मला शिकवलं ते असं, की जळणारा माणूस बहुतेक वेळा खरंच बोलतो, सोयीचं तेवढं. तपासात तेव्हापासून मी कागदावर काय आहे याच्याइतकंच काय गाळलंय हे शोधू लागलो. सुरुवात मात्र स्वतःपासून करावी लागली.

दुसऱ्या दिवशी वरिष्ठांकडे जाऊन मी टिपण परत मागितलं.

"का? त्यात खोटं आहे काही?"

"नाही सर. एक ओळ राहिली."

तिथेच उभ्या उभ्या पेनानं लिहिलं: सावनेरचा माग यांनीच काढून दिला. ती ओळ पहिल्या वेळी मी विसरलो नव्हतो.