माझ्या भोंग्याचे सेल

हे लिहिल्यावाचून राहवत नाही, इतकी मी खूश आहे.

सासूबाईंचे गुडघे गेल्यापासून बाजारात संत्र्यांच्या ढिगापाशी मी एकटीच बसते. मला ओरडता येत नाही. मागच्या बाजारी गप्प बसून राहिले आणि निम्मी संत्री घरी परत आली. म्हणून नवऱ्याने अमरावतीहून आवाज भरून ठेवायचा भोंगा आणला. सोबत पुन्हा पुन्हा चार्ज होणारे सेल आणि त्यांचा चार्जर. दार लावून मी त्यात आवाज भरला, "शेंदूरजन्याची संत्री, गोड संत्री!"

बाजाराच्या आदल्या दुपारी पाहते तर सेल जागेवर नाहीत. सासूबाईंनी ते अंगणातल्या टिनाच्या पत्र्यावर उन्हात वाळत घातले होते!

"आई, हे काहून ठेवले इथं?"

"टॉर्चचे सेल वाळवले तं अजून चालते. याले काय झालं?"

"हे तसे नाई जी. दुकानदारानं सांगतलं, गरम सेल चार्जिंगले लावाचे नाई."

"तुह्या तोंडातून आवाज निंघत नाई, अन् आता डब्याच्या तोंडातून काढून राहिली!"

सेल हातात धरवत नव्हते. हे बिघडले तर उद्या पुन्हा मुकाट्याने बसायचे! घाई करून लावावेसे वाटत होते, पण लावले नाहीत. आतल्या फरशीवर सावलीत ठेवले. चहाच्या वेळेला ते गार झाले. कुठे फुगलेले, गळलेले नव्हते. मग चार्जरमध्ये लावले, उघड्यावर, वर कापड न टाकता. टॉर्चचे साधे सेल यात कधीच घालायचे नाहीत, हेही दुकानदाराने बजावले होते. मी शेजारीच भाजी निवडत बसले आणि मधूनमधून हात लावून पाहत होते. कोमट लागले तर चालते, चटका बसला तर लगेच बटण बंद करायचे. हिरवा दिवा लागला तशी मी टुणकन उठले आणि सेल काढून घेतले.

दुसऱ्या दिवशी बाजारात बटण दाबले. माझाच आवाज, केवढा मोठा! मी पदराने तोंड झाकले. माणसे वळली, ढिगाशी थांबली, संत्री दाबून पाहू लागली.

समोरची वांगीवाली ओरडली, "कोण वं एवढं बोंबलून राहिलं?"

"मीच वं!" मी म्हणाले. ते भोंग्यापेक्षाही मोठ्याने निघाले.