मोटर जळाली आणि उकंडा यवतमाळला गेला

बोरी अरबच्या पाण्याच्या टाकीखाली उकंडानं बावीस वर्षं काढली. ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा माणूस. रोज पहाटे पाचला पहिला व्हॉल्व्ह उघडायचा, पस्तीस मिनिटांनी तो बंद करून मधल्या गल्लीचा सोडायचा, आणि मग शेवटी खालच्या वस्तीचा. मधल्या वेळात तो कोणाच्या ओट्यावर बसायचा नाही की चहा घ्यायचा नाही. घड्याळ बघत उभा राहायचा.

त्यालाही कारण होतं. खालची वस्ती म्हणजे त्याची स्वतःची, बौद्धवाडी. ती पाइपलाइनच्या अगदी शेवटाला. वरच्या बाजारगल्लीचा व्हॉल्व्ह वेळेवर बंद झाला नाही, तर खाली नळातून नुसती हवा यायची. उकंडाच्या आधीचा माणूस पहिला व्हॉल्व्ह उघडून घरी जाऊन झोपायचा. त्या काळात उकंडाची आई घागर घेऊन रोज विहिरीवर जायची. व्हॉल्व्हची चावी हाती आली त्या दिवसापासून उकंडानं एकही सकाळ चुकवली नाही. पोराच्या, संघदीपच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा हळदीच्या अंगानं तो आधी टाकीवर जाऊन आला होता.

आणि एका मंगळवारी मोटरच जळाली.

मेकॅनिक खेमसिंगनं ती विहिरीतून वर काढली, वास घेतला आणि मान हलवली. "काका, वाइंडिंग गेली. दोन दिवस तरी धरा."

सरपंच कोकिळाताईंनी टँकर सांगितला. उकंडाला करायला काहीच उरलं नाही. तो घरी आला, खाटेवर बसला, उठला, अंगणात गेला, सुताराकडून आणलेली फळी उगाच या भिंतीची त्या भिंतीला लावली, परत बसला. दहा वाजेपर्यंत मथुराबाईनं हे सगळं पाहिलं. मग हातातलं सूप खाली ठेवलं.

"अवो, चाला. यवतमाळले जाऊ."

"कायले?"

"असंच."

"असंच म्हंजे? कोणी बिमार हाये का?"

"कोणी बिमार नाई, कोणाचं लगन नाई, कोर्टात तारीख नाई. बावीस वर्षांत तुमी मले असंच कुठी नेलं का? रात्री राहू, उद्या सिनेमा पाहू, येऊ."

नाही म्हणायला उकंडाला एकही कारण सापडेना. अकराच्या बसमध्ये दोघं बसले तेव्हा मथुराबाईच्या पिशवीत तिची निळी पैठणीकाठाची साडी होती. ही बाई कधीपासून तयारीत होती कोण जाणे, असं त्याला वाटलं.

यवतमाळात उतरल्यावर ती जणू रोजची येणारी असावी तशी चालू लागली. आधी बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी जाऊन हात जोडले. मग हॉटेलात मसाला डोसा मागवला आणि चमचा बाजूला सारून हातानं, सावकाश खाल्ला. मग दत्त चौकाच्या बाजूला चपलांच्या दुकानात शिरली. एकामागून एक जोड पायात घालायची, आरशापुढं चार पावलं चालायची, "हे चावते" म्हणून काढायची. दुकानदारही वैतागला नाही. उकंडा दारात उभा राहून घाम पुसत होता.

"घ्यायची नाई तर घालून काहून पाह्यते?"

"घालून पाह्यलं तरी पायाले बरं वाटते," ती म्हणाली.

त्याला मात्र कुठंच बरं वाटत नव्हतं. डोश्याच्या हॉटेलात त्याचं लक्ष बेसिनच्या ठिबकणाऱ्या नळाकडे. रस्त्यात कुठं चेंबरचं झाकण दिसलं की पाय आपोआप थांबायचे. बसस्टँडजवळच्या लॉजवर खोली घेतली. मथुराबाई पंख्याखाली आडवी झाली आणि पाच मिनिटांत घोरायला लागली. तो खिडकीतून समोरच्या इमारतीवरच्या काळ्या टाक्या मोजत बसला. खिशातला फोन तर दर अर्ध्या तासाला वाजत होता. दोघांत तेवढा एकच फोन. कोणी विचारायचं, "काका, टँकर इकडं काहून नाई आला?" कोणी विचारायचं, "उद्या येईन का पाणी?"

साडेपाचला कोकिळाताईंचा फोन आला.

"काका, शेजारच्या गावची जादा मोटर भेटली. खेमसिंग बसवून राह्यला. रात्रीतून टाकी भरते."

"मंग मी निंघतो."

"अजिबात नका येऊ. काकूले फिरवा. सकाळी सोडाले मी कोणालेही सांगते."

"कोणालेही" हा शब्द उकंडाच्या डोक्यात खिळ्यासारखा बसला. कोणीही म्हणजे व्हॉल्व्ह उघडून घरी जाणारा. कोणीही म्हणजे खालच्या वस्तीत हवा. तो खोलीत इकडून तिकडं फेऱ्या मारू लागला. मथुराबाई उठून बसली.

"गेल्याबिगर राहवत नाई नं तुमाले?"

"नाई राहवत."

"मंग जा. मी राह्यते."

"एकटी?"

"खोली हाये, कडी हाये, खाली मॅनेजर हाये. उद्या बाराचा सिनेमा हाये. मी तो पाह्यल्याबिगर बोरीले येत नाई."

ती रागावली होती का, हेही त्याला नीट कळेना. चेहरा तर शांत होता. सातच्या बसमध्ये तो खिडकीशी बसला आणि गाव येईपर्यंत दोनदा उठून उभा राहिला. दोन्हीदा कंडक्टरनं त्याला खाली बसवलं.

सकाळी पावणेपाचला घरातली चावी काखेत घेऊन तो टाकीकडे निघाला. लांबूनच मोबाइलचा उजेड दिसला. चेंबरपाशी तीन-चार बायका उभ्या होत्या, आणि मधोमध दीपा. खालच्या वस्तीतल्या अगदी शेवटच्या घरची, अंगणवाडीत मदतनीस. ग्रामपंचायतीतली जादा चावी तिच्या हातात होती.

"काका! तुमी तर यवतमाळले गेलते नं?"

"तुले कोणं सांगतलं सोडाले?"

"मीच गेलती कोकिळाताईकडं. म्हटलं, मले द्या चावी." तिनं पदर कमरेला खोचला. "बाजाराची पस्तीस मिनिटं, मंग मधली गल्ली, मंग आपली. किती वर्षांपासून पाह्यतो आमी. तुमी घड्याळाकडं पाह्यता, अन् आमी तुमच्याकडं."

उकंडानं आपली चावी आपटूनही ठेवली नाही आणि पुढंही केली नाही. दीपानं पाचला व्हॉल्व्ह उघडला. पहिल्या फिरकीला चावी अडकली तेव्हा त्याचा हात आपोआप पुढं गेला. पण तिनं थोडी मागे घेऊन, झटका देऊन ती सोडवली, अगदी तो करतो तशीच. तो वस्तीच्या टोकाला जाऊन उभा राहिला. वेळ झाली तसा दीपाच्या दारातल्या नळानं आधी फुसफुस केली, मग पाणी आलं. चांगलं मनगटाएवढं. त्यानं धारेखाली हात धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. पाणी आल्याचा आनंद होता, खोटं कशाला बोलावं. पण आपल्या खुर्चीवर आपल्याला न विचारता कोणी बसावं, तसंही काहीतरी आत होत होतं.

घरी जाऊन करायचं काय? तो साडेसातच्या बसनं परत यवतमाळला निघाला.

लॉजवर मथुराबाई नव्हती. "काकू सकाळीच गेल्या," मॅनेजर म्हणाला. ती कुठं म्हणून शोधायची, हा नवाच घोर लागला. पुतळ्यापाशी नव्हती. डोश्याच्या हॉटेलात नव्हती. चपलावाला म्हणाला, "आल्या होत्या, तीन जोड घालून पाहिले, गेल्या." चौकातल्या गर्दीत दोन निळ्या साड्यांमागं तो धावला, दोन्ही परक्या बायका निघाल्या. बावीस वर्षं जिचा ठावठिकाणा कधी विचारावा लागला नव्हता, ती बाई या शहरात आपल्याशिवाय मजेत फिरते आहे, या विचारानं त्याला आधी राग आला, मग काळजी वाटली, मग स्वतःचीच लाज वाटली.

बारा वाजून गेल्यावर सिनेमाची आठवण झाली. तिकीट काढून तो अंधारात शिरला. कुठं शोधावं असा विचार करत असतानाच डावीकडून हसू ऐकू आलं, तोंडावर पदर न धरता केलेलं मोकळं हसू. घरात असं ती किती दिवसांत हसली नव्हती. तो तिच्या शेजारी जाऊन बसला.

"आलं पाणी?" पडद्यावरची नजर न काढता तिनं विचारलं.

"आलं."

"शेवटच्या घरी?"

"आलं."

"कोणं सोडलं?"

"दीपानं."

"मंग आता चूप बसा."

तो चूप बसला, पण पाय हलत राहिला. पुढची खुर्ची थरथरू लागली तसा एक माणूस मागे वळून बघू लागला. मथुराबाईनं उकंडाच्या गुडघ्यावर हात ठेवला. पाय थोडा थांबायचा, हात उचलला की पुन्हा सुरू.

बाहेर पडल्यावर ऊन चांगलंच तापलं होतं. चारच्या बसला वेळ होता. समोर शेअर ऑटोवाला ओरडत होता, कुठल्या तरी नव्या वस्तीचं नाव घेत.

"बसते का?" उकंडानं अचानक विचारलं.

"तिकडं कोण हाये आपलं?"

"कोणी नाई. असंच."

मथुराबाईनं त्याच्याकडे पाहिलं आणि पिशवी सावरून आत चढली. ऑटो धडधडत निघाला. दुकानं मागं पडली, शाळा, लाकडाची वखार, अर्धवट बांधलेली घरं. उकंडा कडेला बसून वाऱ्यावर डोळे बारीक करत होता, आणि हलणाऱ्या ऑटोत त्याचा पाय वेगळा हलत नव्हता. शेवटच्या थांब्यावर दोघं उतरले, टपरीवर चहा प्याले आणि त्याच ऑटोनं परत आले. मग उकंडा म्हणाला, "आता दुसऱ्या बाजूचा पाहू." चारची बस चुकली.

आता दर दोन-तीन महिन्यांनी दोघं जातात. जायच्या आदल्या संध्याकाळी उकंडा स्वतः दीपाच्या घरी चावी नेऊन देतो आणि तिला माहीत असलेल्या सगळ्या सूचना पुन्हा एकदा सांगतो. ती ऐकून घेते. यवतमाळात मथुराबाईचं आपलं चालू असतं, डोसा, चपला, सिनेमा. त्याचं मन अजूनही तिथं लागत नाही, लॉजच्या खाटेवर अजूनही झोप येत नाही. शहराचे सगळे शेअर ऑटो मात्र त्याला पाठ झालेत. कुठला कुठं जातो, कुठल्या टोकाला चहा बरा मिळतो, हे विचारलं तर तो बसल्या जागी सांगतो. आणि सांगता सांगता उठून उभा राहतो.