बुटाच्या खड्ड्यातलं पाणी

माझी लेक नगरपालिकेत इंजिनियर आहे. परवा तिची गाडी बंद पडली म्हणून मी तिला स्कूटरवरून साइटवर नेलं. गावाबाहेरच्या माळावर बंगल्यांचे प्लॉट पाडायला परवानगी द्यावी की नाही, हे तिला बघायचं होतं.

"खडखडीत जमीन आहे, मॅडम," बिल्डर म्हणाला.

मान डोलवत मी ऐटीत पुढे झालो आणि नवा बूट घोट्यापर्यंत आत रुतला. ओढून काढला, तर मागच्या खड्ड्यात हळूहळू पाणी झिरपू लागलं. ऐन एप्रिलमध्ये! बिल्डरसोबत आलेली इतकी माणसं मोठमोठ्यानं बोलत होती आणि ते बिचारं पावलाएवढी जागा मिळताच गुपचूप वर येऊन बघत होतं.

"टँकर सांडला असेल," बिल्डर म्हणाला.

"आणि जाताना हे लव्हाळंही लावून गेला?" लेकीनं खड्ड्याचा फोटो घेतला. "पाणथळ आहे का ते तपासू. तोवर मंजुरी नाही."

आवाज जराही चढला नाही तिचा. माझीच छाती फुगली.

परतताना मागून म्हणाली, "बाबा, खाली बघून चालत जा हो!"

मी कशाला बघू? खाली बघायला माझी लेक आहे.