फुटणारी ताटं

रायपूरला निघताना मी जायचं एक तिकीट काढलं आणि यायची दोन. बायकोनं विचारलं, "दुसरं कुणाचं?" म्हटलं, "ताईचं. आली तर." तिनं शिदोरीत चार धपाटी जास्तीची बांधली.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण सुशीला. लग्न करून नगरहून जी रायपूरला गेली ती तिथलीच झाली. दाजी मूळचे वर्ध्याकडचे, रेल्वेतून निवृत्त झालेले. माणूस कष्टाळू, रविवारची चर्चमधली उपासना न चुकवणारा, पण राग आला की पुढ्यातलं ताट भिरकावणारा. मीठ कमी पडलं, गेलं ताट. पाहुणे उशिरा आले, गेलं ताट. एकदा ताटाची कड ताईच्या भुवईला लागली आणि टाके पडले. आम्हाला तिनं सांगितलं, न्हाणीत घसरले. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, ही म्हण आमच्या घरात दाजींसाठीच राखून ठेवलेली होती.

आणि आता वर्षभर ताई फोनवर म्हणत होती, "अरे, तुझे दाजी सुटले." कशातून सुटले विचारलं तर म्हणायची, "ये आणि बघ." बघायलाच निघालो होतो. बघून पटलं नाही तर तिला घेऊन यायचं, असं मनाशी पक्कं होतं.

नागपूरला गाडी बदलली. डोंगरगडच्या टेकड्या मागे पडल्यावर दोन्ही बाजूंना भाताची खाचरं लागली, ती संपेचनात. समोरच्या बाकावरच्या बाईंनी माझं धपाटं चाखून पाहिलं आणि मला फरा (तांदळाच्या पिठाचे वाफवलेले मुटके) दिला. मी तिखटाची चटणी जरा जास्तच घेतली आणि दुर्ग येईपर्यंत पाणी पीत बसलो.

स्टेशनवर दाजी स्कूटर घेऊन आले होते. केस पांढरे झालेले, आवाज मात्र तोच. "या जी! गाडी टायमावर आली म्हणजे नवलच." पुरानी बस्तीच्या गल्ल्यांतून त्यांनी स्कूटर अशी काढली की माझे गुडघे दोनदा भिंतीला घासले. त्यांच्या पाऱ्यात (मोहल्ल्यात) शिरताना एका देवळासमोर कुणीतरी त्यांना हात केला, दाजींनीही केला.

ताईनं दारातच मला जवळ घेतलं. जेवायला बसलो आणि माझं लक्ष ताटांकडे गेलं. सगळी स्टीलची, आणि एकाचीही कड सरळ नाही. कुठे चेपलेली, कुठे मुडपलेली. माझं ताट जमिनीवर डुगडुगत होतं. दाजींनी ते पाहिलं, उठून त्याखाली फडक्याची घडी सारली आणि खाली बघून जेवू लागले. मला त्या घरात घास गोड लागेना.

संध्याकाळी ते मला तळ्यावर फिरायला घेऊन गेले. मी आडपडदा ठेवला नाही. म्हणालो, "दाजी, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात."

मला वाटलं भडकतील. ते म्हणाले, "बरोबर आहे म्हण. मी मरायचंच टाळून राहिलो होतो ना. उपास केले, माफ्या मागितल्या. एकदा पास्टरपाशी ढसाढसा रडून आलो अन् त्याच संध्याकाळी ताट फेकलं."

"मग?"

"मग समजलं का हा माणूस सुधरत नाही. याले मराच लागते. प्रभूले म्हटलं, तुह्या वधस्तंभावर जागा असंल तर मलेही घे. मी काही सोडलं नाही जी. त्यानं सोडवलं."

"आता राग येतच नाही?"

"येते ना! रोज हाका मारते." ते हसले. "पण मेलेल्या माणसाले कोणी ड्युटीवर बोलावते का?"

बोलणं चोख होतं. पण बोलण्यात दाजी आधीही कमी नव्हते, आणि प्रत्येक ताटानंतरची माफीही अशीच चोख असायची. मी तळ्यातल्या बदकांकडे बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी रविवार. उपासना हिंदीतून होती. गाणी झाल्यावर पास्टरनी दाजींकडे बघून म्हटलं, "भाई साहब, आज आप गवाही (साक्ष) दीजिए. प्रभु ने आपको कैसे छुड़ाया, सबको बताइए." दाजी उभे राहिले. म्हणाले, "पास्टर जी, गवाही घरवालों की होती है. मेरी नहीं चलेगी." आणि बसले.

सगळ्या माना ताईकडे वळल्या. ती पदराचा काठ बोटाला गुंडाळत, मांडीकडे बघत बसून राहिली. शेवटी पास्टरनीच गाणं सुरू केलं. मी मनात म्हटलं, दुसरं तिकीट लागणार.

सोमवारी सकाळी ताई म्हणाली, "चल, गोल बाजारात जाऊ. मला ताटं घ्यायचीत." दाजीही निघाले. सदर बाजारातून चालताना एका मोटारसायकलचा आरसा माझ्या कोपराला लागला, आणि चालवणाराच मला "देख के चलो भैया!" म्हणून ओरडला. मी चरफडलो, तर ताई हसली. "इथे असंच असतं रे."

भांड्यांच्या दुकानात ताईनं चिनीमातीच्या ताटांकडे बोट दाखवलं. पांढरी, कडेला निळी वेल असलेली. दुकानदार मोठा उत्साही. "दीदी, वो क्यों? वो तो टूट जाएगा. ये देखो, नया माल. फेंको तो भी नहीं टूटेगा!" आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यानं हातातलं प्लास्टिकसारखं ताट धाडकन फरशीवर आपटलं.

ताई मागे सरली. तिचा हात आपसूक भुवईवर गेला. दाजींचा चेहरा उतरला, ते दुकानाच्या पायरीवरून खाली उतरून आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. ताट फरशीवर गरगरत थांबलं, त्याला तडाही गेला नव्हता. दुकानदार म्हणाला, "देखा?"

ताईनं एकदा त्या ताटाकडे पाहिलं, एकदा दाजींच्या पाठीकडे. मग शांतपणे म्हणाली, "नहीं भैया. टूटने वाला ही दो."

दुकानदाराला काही उमगलं नाही. त्यानं निमूट ताटं कागदात गुंडाळली. पिशवी दाजींनी घेतली आणि घरापर्यंत दोन्ही हातांनी छातीशी धरून आणली.

दुपारी त्याच ताटांत मुनग्याची (शेवग्याची) भाजी आणि भात जेवलो. नंतर दाजी ताटं घासायला आत गेले. मी आणि ताई बाहेरच्या खोलीत आईच्या आठवणी काढत होतो, इतक्यात खळ्ळकन आवाज झाला.

ताईचं वाक्य अर्धंच राहिलं. माझ्या डोक्यात दुसरं तिकीट, ताईची बॅग, सगळं एकदम येऊन गेलं.

दाजी दारात आले. हात साबणाच्या फेसानं भरलेले, चेहरा पांढरा. "फेकलं नाही, सुशीला. हातून सुटलं."

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. मग उठली, कमरेवर हात ठेवले आणि कडाडली, "सुटलं? काहून सुटलं? सकाळी आणलेलं कोरं ताट! डोळे कुठे होते तुमचे? आणि अनवाणी कशाला उभे राहिलात, तुकडा घुसेल. चप्पल घाला आधी!"

अख्ख्या पाऱ्याला ऐकू गेलं असणार. ताईचा असा आवाज मी शेवटचा ऐकला तो लहानपणी, तिच्या धुतलेल्या कपड्यांवर मी चिखलाचे पाय दिले तेव्हा. लग्नानंतर त्या घरात तिनं कधी आवाज चढवला नव्हता. दाजी "हव, हव (हो, हो)" म्हणत चप्पल शोधू लागले, शिव्या खाणाऱ्या पोरासारखे मान खाली घालून, आणि गालातल्या गालात हसत. मग तीही हसली. मला मात्र रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

निघताना स्टेशनवर ताईनं विचारलं, "दुसरं तिकीट कुणाचं होतं रे?" बायकोनं चुगली केली होती. मी म्हणालो, "रद्द केलं." "बरं केलंस," ती म्हणाली, "पुढच्या वेळी वहिनीला आण. तिला बस म्हणावं माझ्या नव्या ताटात जेवायला."

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मी भाताची खाचरं उलट्या दिशेनं बघितली. दाजींना उद्या राग येणार नाही असं नाही, आणि ताईचा हात भुवईवर पुन्हा जाणार नाही असंही नाही. ती म्हण मी अजूनही खरी मानतो. फक्त आता ती आशेनं म्हणतो.

पुढच्या रविवारी उपासना आटपून घरी आलो तर ताईचा फोन.

"आज मी उभी राहिले रे."

"काय सांगितलंस?"

"एकच वाक्य. म्हटलं, हमारे घर में अब चीनी मिट्टी की थालियाँ हैं."

"लोकांना कळलं?"

"कुणाला कळणार? पास्टर आमेन म्हणाले म्हणून सगळे आमेन म्हणाले. तुझे दाजी तेवढे शेवटपर्यंत रुमाल शोधत होते."