बाहेरचा आकडा

आमच्या गिरगावच्या चाळीत थंडी आली की नाही, हे खोबरेल तेलाच्या बाटलीला विचारायचं. तेल गोठलं की थंडी. बाटली घटकाभर उन्हात ठेवली की आमचा हिवाळा संपला. त्यामुळे न्यूयॉर्कला शिकायला गेलेल्या माझ्या थोरल्या भावाने पहिल्याच हिवाळ्यात लिहिलं, ‘आज पारा पंधरावर आहे,’ तेव्हा आईने कपाटातला थर्मामीटर काढला. तापाचा. आम्हाला पारा माहीत तो तेवढाच. त्यात पंचाण्णवच्या खाली आकडाच नव्हता.

“पंधरावर माणूस जगतो होय गं?” तिचा चेहरा उतरला होता.

मी मॅट्रिकच्या वर्गात, शहाणपणाचा मक्ता माझ्याकडे. हसत म्हटलं, “आई, तो हवेचा पारा. अंगाचा कुठेही गेलं तरी अठ्ठ्याण्णव पॉइंट चारच.”

“मग तोही लिहायला सांग त्याला.”

भाऊ थट्टेखोर. तो दोन्ही आकडे फॅरनहाइटमध्ये लिहू लागला. झाडांची पानं लाल झाली, बाहेर पन्नास. बर्फ पडला, बाहेर वीस. नदीवरून वारा सुटला, नाक जागेवर आहे ना ते चाचपून बघावं लागतं, बाहेर आठ. आणि शेवटी न चुकता, अंगाचा अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. आईला वाचता येत नसे. मी मोठ्याने वाचायची, ती भाजी निवडता निवडता ऐकायची.

दुसऱ्या हिवाळ्यात इकडे संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. वडील सत्याग्रहात पकडले गेले. रस्त्यावर कर्फ्यू, टपाल अडकलेलं. “त्याला कळवायचं नाही हं, शिक्षण टाकून निघून येईल,” आईने मला बजावलं. मग मी लिहायची, ‘इकडे हवा ठीक आहे.’ ते लिहिताना माझा संताप व्हायचा. कर्फ्यू उठल्यावर त्याची तीन पत्रं एकदम आली. तिन्हींत अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. मी अगदी आनंदाने वाचून दाखवली. आई त्या दिवशी जेवली नाही. वडिलांची काळजी असेल, असं मी धरून चालले.

तो शिकून परतला तेव्हा वडील कधीच सुटून आले होते. जेवताना त्याने सहज सांगितलं, की त्या हिवाळ्यात न्यूमोनिया होऊन तो तीन आठवडे हॉस्पिटलात होता.

“म्हणजे आकडे खोटे लिहीत होतास?” मी ताडकन विचारलं.

आई त्याच्या पानात भात वाढत होती. “त्या तीन पत्रांत बाहेरचा आकडा नव्हता,” ती म्हणाली. “अंथरुणात पडलेल्याला बाहेरचं कुठलं कळायला?”

पत्रं मी वाचली होती, दोनदोनदा.

“मग मला विचारलं का नाहीस, आई?” भावाने हातातला घास पानात ठेवला.

“मी विचारलं असतं, तर तूही विचारलं असतंस, बाबा कसे आहेत.”